डॉक्टरांच्या साइटवरची ताई

"शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तुमच्या साइटचा प्लॅटफॉर्म ठरला म्हणून समजा!" धाकटीने फोनवर असं काही ठणकावून सांगितलं की पलीकडची घरघर एकदम थांबली. दातांच्या डॉक्टरांनी हातातलं यंत्र बंद केलं असावं. यंत्राखाली जो कोणी होता, त्याने तिला दुवाच दिला असेल.

धाकटीचा धंदा वेबसाइट बनवायचा. ऑफिस म्हणजे घराची मागची खोली, त्यात दोन टेबलं, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची थोरल्या बहिणीची. धंदा दोघींनी मिळून काढलेला, आणि भागीदारी मोडली तीही दोघींनी मिळूनच! थोरलीचं म्हणणं, साइट म्हणजे ओळ न् ओळ कोड स्वतः लिहून करायची. धाकटीचं म्हणणं, तयार ठोकळे जोडायचा प्लॅटफॉर्म घ्यावा, चार दिवसांत काम हातावेगळं. एका दुपारी वाद असा हातघाईवर आला की थोरलीने आपला कीबोर्ड काखेत मारला आणि तरातरा निघून गेली. पाठोपाठ तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गावच सोडून गेली.

त्याला तीन वर्षं झाली. फोन व्हायचा, नाही असं नाही. "कशी आहेस?" "बरी आहे." "बरं." खलास! ज्या दोघी एका बटणाच्या रंगावरून दोन-दोन तास बोलायच्या, त्यांचा फोन आता दूध उतू जायच्या आत संपायचा.

आणि इकडे कामाचा नुसता गुंता. निम्म्या साइट थोरलीच्या कोडात, निम्म्या ठोकळ्यांत. एकीची मनधरणी करावी तर दुसरी रुसायची. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच काहीतरी ठरवायलाच हवं होतं. पण ठोकळे निवडायला गेलं की वाटायचं, ताई काय म्हणेल? आणि कोड निवडायला गेलं की वाटायचं, हेच करायचं होतं तर तिला जाऊ कशाला दिलं?

"अगं, नाणं उडव," नवरा म्हणाला.

"दोनदा उडवलं."

"मग?"

"दोन्ही वेळा कपाटाखाली गेलं!"

गुरुवारी तिने मनाचा हिय्या केला. ठोकळ्यांवर डॉक्टरांची साइट नमुना म्हणून रचली. दवाखान्याचे, डॉक्टरांचे फोटो लावले, 'वेळ घ्या'चा फॉर्म लावला. साइटचा खरा पत्ता या प्लॅटफॉर्मला जोडला जातो का, तेही जोडून पाहिलं. आता पहिल्या पानावर जागा भरायला काहीतरी मजकूर हवा होता. ती टाइप करायला बसली, आणि बोटांनी मनात होतं तेच लिहून टाकलं:

'ताई, तुझी खुर्ची अजून आहे तिथेच आहे. दुसरं कुणी बसू नये म्हणून मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. चूक माझी होती. निदान अर्धी. फोनवर तू नुसतं 'बरी आहे' म्हणतेस, ते काही मला खरं वाटत नाही. ये ना गं परत.'

लिहून झाल्यावर तिला इतकं भरून आलं की मशीन तसंच टाकून ती तोंड धुवायला गेली. जोडलेला पत्ता काढायचा राहिला, तो राहिलाच!

शुक्रवारी सकाळी फोन खणखणला.

"बाई, माझ्या दवाखान्यात बायका रडतायत!"

"फार दुखतंय का त्यांना?"

"अहो, मी अजून हातही लावलेला नाही!"

झालं होतं असं. रात्रभर डॉक्टरांच्या साइटवर धाकटीचा तो मजकूरच झळकत होता. दोन वर्षांपूर्वी दाढ अर्धवट टाकून पळालेल्या एक बाई फळांची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "डॉक्टर, तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं हो! अर्धी कशाची, सगळी चूक माझीच!" त्यांच्या मागे एक आजी. "फोनवर बरी आहे म्हणाले ते खोटंच. कवळी फार टोचते!" तिसरीने तर आल्या आल्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे शोधले, आणि ते नाहीत म्हणून नर्सला धारेवर धरलं!

धाकटीने साइट उघडली आणि तिला दरदरून घाम फुटला. "काढते डॉक्टर, आत्ता काढते!"

"खबरदार! बाहेर अकरा जणी बसल्यात. दुपारपर्यंत राहू द्या." मग त्यांनी विचारलं, "पण बाई, ही ताई कोण?"

"माझी," ती म्हणाली.

"म्हणजे माझी पहिली साइट केली त्या? फार भांडकुदळ होत्या हो!"

"माझ्या बहिणीला काही बोलायचं काम नाही, सांगून ठेवते!"

दुपारी ती मजकूर पुसायला बसली. त्याआधी फॉर्ममधून आलेल्या वेळा डॉक्टरांना कळवाव्यात म्हणून यादी उघडली. शेवटचा फॉर्म असा होता:

नाव: माहीत आहे तुला.
वय: तुझ्याहून चार वर्षांनी जास्त.
तक्रार: ठोकळ्यांनीच केलीस ना? मोबाइलवर बटण डॉक्टरांच्या नाकावर चढलंय. तुझी प्रत्येक साइट मी रोज उघडून बघते. इतकी वाईट एकही नव्हती.
कधीची वेळ हवी: उद्या सकाळी पोहोचते.

धाकटी रडत होती की हसत होती, ते नवऱ्यालाही कळलं नाही. त्याने आपला गुपचूप पाण्याचा पेला पुढे केला.

थोरली खरंच आली. दोन बॅगा, काखेत कीबोर्ड. गळाभेट झाली, डोळे पुसून झाले, आणि पाचव्या मिनिटाला तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय केलंयस? एका बटणासाठी एवढा कचरा?"

"कचरा? चार दिवसांत होते साइट!"

"आणि पाचव्या दिवशी मोडते!"

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "बाई, शुक्रवार उलटून गेला. प्लॅटफॉर्म ठरला का?"

धाकटीने वळून पाहिलं. थोरली कीबोर्ड जोडत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "हे ठरल्याशिवाय मी इथून हलायची नाही, आधीच सांगते!"

धाकटी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, महिनाभर तरी ठरायचं नाही बघा. तुमच्या पाया पडते, घाई करू नका!"