एडनाबाईंच्या खुर्चीची बखर

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि सर्वांच्या लाथा खाऊन जो कोणाचाच होत नाही त्या चेंडूसही नमन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक वद्य पक्षी, मंदवासरे, सातासमुद्रापलीकडील एका ओल्या राज्यात जो प्रसंग गुदरला तो येथे लिहिला आहे. प्रसंग वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवितो. हसावयास बसला असाल तर उठावे.

दक्षिण देशी एक राज्य आहे, जेथे पेठोपेठी तालमी आणि तालमीतालमींत फुटबॉलवरून हाडवैर; सोयरीक जुळविताना पत्रिका मागाहून, मुलाची पेठ आधी विचारितात. तेथील सरनोबतांचे घराण्यातील इंद्रजितराव हे पूल बांधण्याची विद्या शिकावयास विलायतेस रवाना जाहले, तेव्हा तालमीतले परम स्नेही धनाजी याणी गुलालाची पुडी त्यांचे खिशात कोंबिली आणि बोलिले, "इंद्या, तिकडं खरीखुरी मॅच बघशील. आपली बाजू जिंकली की उधळ लेका! साहेबाच्या मैदानात आपल्या तालमीचा गुलाल उडाला पायजे." इंद्रजितराव म्हणाले, "उडवतोच बघ, आईशप्पथ." आणि मग विमानात बसून गेले. परंतु विलायतेस पोहोचोन पाहातात तो दुपार सरते न सरते तोच अंधार, पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही, आणि बोलावयास मनुष्य नाही. पाठशाळेतील मंडळी हसून "बरे आहे ना?" म्हणत आणि उत्तर येण्याचे आत पुढे जात. आपले घरी शेजारीण कुलूप दिसले तरी चार हाका मारिते. येथे मनुष्य खोलीत मेला तर वास येईतो कळणार नाही, ऐसे रावांचे मनी येऊ लागले आणि भूक गेली.

राव ज्यांचे घरी माडीवर भाड्याने राहात, ते वॉल्टर साहेब, टपाल खात्यातून निवृत्त, वृद्ध, अबोल. त्यांची स्त्री एडनाबाई गतवर्षी कैलासवासी जाहली होती. त्या नगरीचा फुटबॉल संघ निळ्या पोशाखाचा आणि शेजारचे नगरीचा तांबडा, आणि उभयतांचे वैर पिढीजात. मैदानावर साहेबांची आणि बाईंची खुर्चीस खुर्ची लागून, वर्षाचे पास घेऊन राखिलेली, लग्नापासूनची. बाई गेल्या तरी साहेबांनी बाईंची खुर्ची सोडिली नाही. तिजवर बाईंचा निळा मफलर अंथरोन साहेब शेजारी बसत, आणि कोणी "येथे बसू का?" पुसले तर "माणूस यावयाचे आहे" म्हणोन सांगत. लोकांस ठाऊक होते की माणूस यावयाचे नाही, परंतु कोणी बोलत नसे. इतकी माणुसकी त्या राज्यात होती, हे लिहिले पाहिजे.

एके सायंकाळी स्वयंपाकघरात राव एकटेच भात खात असता साहेब चहास आले, आणि कसा कोण जाणे फुटबॉलचा विषय निघाला, आणि मग रावांनी मिठाची बरणी गोलकीपर करोन आणि चमचे खेळाडू करोन आपले तालमीने अंतिम सामना कैसा मारिला तो साद्यंत मांडिला. साहेब प्रथमच हसले. मग चमच्यांकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "एडनाही असेच चमचे मांडी. शनिवारी तांबड्यांशी सामना आहे. तू ये. तिच्या खुर्चीत बस." राव म्हणाले, "साहेब, ती त्यांची जागा." साहेब म्हणाले, "म्हणूनच सांगतो." त्या रात्री रावांस त्या देशी आल्यापासून प्रथम गाढ झोप लागली.

शनिवारी उभयता मैदानी दाखल जाहले. साहेबांनी मफलर उचलोन रावांचे गळ्यात घातला. चहूकडे निळाच समुद्र, समोरचे कोपऱ्यात मूठभर तांबडे, आणि गर्जना ऐशी की रावांस पेठेची याद येऊन डोळा पाणी आले. तांबड्यांनी आधी गोल चढविला, मग निळ्यांनी फेडिला, आणि मग खेळ संपावयास आला असता निळ्यांचे एका पोराने दुरून ऐसा तडाखा हाणिला की जाळे फाटते की काय! सारे मैदान उठले, साहेबांनी रावांस मिठी मारिली, आणि राव भान विसरोन, खिशातील पुडी फोडोन, मूठभर गुलाल आकाशी उधळिते जाहले.

आता वाचणार म्हणतील, तांबडा रंग वैऱ्याचा, हे इतके दिवस राहून या शहाण्यास कळले नाही काय? कळले होते. परंतु गुलाल हा तांबडा आहे, हेच त्यांचे ध्यानी जन्मात कधी आले नव्हते. त्यांचे देशी गुलाल कोणा पक्षाचा नव्हे. जो जिंकेल त्याचा.

तेथे मात्र अनर्थ जाहला. पूर्वी त्या मैदानी तांबड्यांनी धुराचे नळकांडे फेकून एका मुलाचा डोळा घालविला होता. लोकांनी लाल धूळ पाहिली आणि "धूर! धूर!" म्हणोन ओरडा जाहला, बायका लेकरे ओढून पळों लागल्या, एक म्हातारी पायरीवर पडली, आणि कोणी रावांची गचांडी धरोन "तांबड्यांचा हेर!" म्हणोन गर्जला. राव ओरडत होते, "मी तुमचाच आहे, तुमच्याकरिताच उडविला!" ते कोण ऐकतो? मग पहारेकरी येऊन उभयतांस सज्जाखालील एका खोलीत घेऊन गेले.

तेथे मैदानाचे कोतवालीवर एक बाई होत्या. आवाज मऊ, वागणूक सभ्य. त्यांनी साहेबांस वर्षानुवर्षे पाहिलेले होते. त्या म्हणाल्या, "वॉल्टर, नियम तुम्हांस ठाऊक आहे. पाहुण्याचा अपराध तो पासवाल्याचा अपराध. दोन्ही खुर्च्या आजपासून कायमच्या जातील. परंतु हा मुलगा न विचारता येऊन बसला असेल, तर गोष्ट निराळी. मग त्याचे आम्ही पाहून घेऊ, पोलीस पाहून घेतील. आठवून सांगा." इतके स्पष्ट दार त्या बाईंनी उघडून दिले होते. राव समजले. "मी चोरून बसलो" एवढे तीन शब्द जिभेवर आले. परंतु पोलीस म्हटले की व्हिसा दिसला, परत पाठविलेले विमान दिसले, पेठेत खाली मान घालून उभे वडील दिसले, आणि शब्द जिभेवरच राहिले. साहेबांनी रावांकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "मी बसविला. माझा पाहुणा आहे." बाईंनी डोळे मिटले आणि पास मागून घेतले.

परतताना बसमध्ये राव म्हणाले, "साहेब, माझे चुकले." साहेब खिडकीबाहेर पाहात होते. तसेच म्हणाले, "एडनाने पुसले असते, ती पूड कसली." मग रावांनी अडखळत सारे सांगितले, तालीम, मिरवणूक, जिंकणाऱ्यांची माखलेली तोंडे. साहेब म्हणाले, "म्हणजे जिंकलेल्यांवर टाकितात." राव म्हणाले, "होय." साहेब म्हणाले, "मग बरोबर टाकलीस." रागे भरले असते तर सोसले असते, ऐसे रावांस वाटले आणि ते रडले.

त्यानंतरचे सामन्याचे दिवशी साहेब कोट चढवून घराबाहेर पडले. म्हातारा विसरला की काय, म्हणोन राव छत्री घेऊन मागे धावले, तो साहेब मैदानाचे बाहेरील भिंतीस पाठ लावून भिजत उभे. राव म्हणाले, "साहेब, येथे काय करिता?" साहेबांनी बोट वर केले. "बरोबर इथे वर तिची खुर्ची येते." आत गर्दी गर्जली, भिंत थरथरली. साहेबांनी मान तिरकी करोन ऐकिले आणि पुसले, "आज तिथे कोणी बसले असेल काय?"

रावांनी सकाळीच मैदानाचे संकेतस्थळावर पाहिले होते. दोन्ही खुर्च्या विकल्या गेल्या होत्या.

"नाही, साहेब," राव म्हणाले. "मोकळीच आहे."

साहेबांनी मान डोलाविली आणि खेळ संपेतो तेथेच उभे राहिले, आणि रावांनी छत्री धरिली.

येणेप्रमाणे वर्तमान. निळ्यांनी तांबड्यांस दोन-एक असे जिंकिले, त्याची कीर्ती त्यांचे भाट गातील. या लिहिणारास इतकेच ठाऊक की इंद्रजितराव सरनोबत खोटे बोलावयास भिणारे नव्हते; ज्या दिवशी खोट्याने खुर्ची वाचती, त्या दिवशी मात्र बोलिले नाहीत. लेखनसीमा.