माहेर : दोन दिवस, एक रात्र

इंदूअक्कांना दर रविवारी संध्याकाळी रडू येतं. पाहुणीची कॅब गेटाशी लागली, की आधी डाव्या डोळ्यातून, मागाहून उजव्यातून असं नीटस पाणी येतं, पदर वर जातो आणि "पोचलीस की फोन कर गं" हे वाक्य शेवटी किंचित फाटतं. कॅब कोपऱ्यावरून वळली, की अक्का पदर खाली घेऊन मला विचारतात, "आज जास्त झालं काय हो शेखरअण्णा?"

"थोडंसं," मी म्हणतो. या विषयातला मी जाणकार समजला जातो.

नीट सांगतो. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये मी आणि माझी बायको नंदा, आम्ही अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू आहोत. अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन इथं आल्या, शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्या, पुढं यजमान गेले. आणि मग अक्कांनी माहेर विकायला काढलं. पुण्या-मुंबई-नागपूरहून नोकरीला आलेल्या, लॅपटॉपपुढं वाळत चाललेल्या मुलींसाठी शनिवार-रविवारचं माहेरपण.

साध्या पॅकेजमध्ये ऊन-ऊन वरणभात, दुपारची झोप आणि 'किती वाळलीस गं!' हे वाक्य. मग वजन काहीही असो. त्याच्या वरच्या पॅकेजमध्ये डोक्याला तेल, कपाटातला जुना विटका गाऊन आणि सासूची निंदा. निंदेत अक्कांचा हात धरणारं कोणी नाही. पाहुणीनं नुसतं "सासूबाई म्हणाल्या..." म्हणायचा अवकाश, अक्का कपाळाला हात लावतात, "लग्नातच बघितलं होतं की गं मी तिला! जिलबी वाढताना हात आखडत होती." त्या लग्नाला अक्का नव्हत्या हे दोघींनाही ठाऊक असतं. पण पाहुणीचा चेहरा असा काही उजळतो, की विचारू नका.

सगळ्यांत वरच्या पॅकेजमध्ये मी आहे.

लेकीला सासरहून आणायला भाऊ जातो, तो मुराळी. कंपनीनं मला पन्नाशीत 'नव्या वाटा शोधायला' मोकळं केलं, त्यात सापडलेली ही एकमेव वाट. शनिवारी सकाळी झब्बा घालून, लाडवांचा डबा घेऊन मी बेळ्ळंदूरच्या कुठल्यातरी उंच इमारतीत जातो आणि जावयाला सांगतो, "आईनं पाठवलंय, हिला न्यायला आलोय." जावई लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणतात, "शुअर." परतीच्या ट्रॅफिकमध्ये मी लहानपणीच्या आठवणी काढतो. माझ्याच काढतो, तिच्या मला कुठून ठाऊक असणार?

अक्कांनी मला रीतसर शिकवलंय. "अण्णा, तुम्ही आनंद फार दाखवताय. सख्खा भाऊ एवढा आनंदत नसतोय. दारात उभारून 'आवर लौकर' म्हणायचं, बास." तेव्हापासून मी आनंद कमी केला. तरी एका पाहुणीनं तीन तारे देऊन लिहिलंच, "आई अप्रतिम. भाऊ बरा आहे, पण बोलतो फार." आमच्या नंदानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि उसासा सोडला, "इतकी वर्षं संसार केला, मला नाही कुणी तारे विचारले."

मात्र बेळ्ळंदूरहून परतलो, की मी चपला काढायच्या आत अक्का हळूच विचारतात, "तिकडं कोण भेटलं काय?"

कोण म्हणजे विद्या. अक्कांची खरी मुलगी. ती बेळ्ळंदूरलाच राहते, तळ्याच्या पलीकडं. झालं होतं असं, की एका पाहुणीनं हौसेनं आपला फोटो टाकला : विद्याच्या पलंगावर, विद्याच्या गाऊनमध्ये, मागं भिंतीवर विद्याची वक्तृत्वाची ढाल. विद्याचा फोन आला, "आई, तू माझं माहेर भाड्यानं दिलंस." त्यानंतर ती आली नाही. गौरी गेल्या, दिवाळी गेली.

"भाड्यानं कुठं?" अक्का मला म्हणाल्या. "खोली रिकामीच पडली होती की. ती महिना महिना यायची नाही, म्हणून तर..." पुढचं गिळून त्या धिरड्याचं पीठ ढवळायला लागल्या.

"तुम्ही बोलवा की तिला."

"काय म्हणून बोलवू? 'ये गं, तुझी आठवण येतीय' म्हणून? सगळ्यांना तेच म्हणते की हो मी आता. तिला ते त्यातलंच वाटणार."

मी उठून तवा तापत ठेवला. एरवी मी फार बोलतो.

मागच्या शनिवारी नागपूरची मुग्धा आली होती. सगळ्यांत वरचं पॅकेज, म्हणजे मी हजर. मुग्धा विटक्या गाऊनमध्ये पाटावर बसली होती, अक्का मागं बसून तेल चोळत होत्या आणि भाऊ या नात्यानं मी तिच्या वाटणीचा लाडू खात होतो. दार उघडंच होतं. दारात कोणीतरी उभं राहिलं. पाठीवर लॅपटॉपची बॅग, घामेजलेला चेहरा.

विद्या. मी भिंतीवरच्या फोटोत पाहिलेली.

अक्कांचा हात मुग्धाच्या डोक्यावर थांबला. मुग्धाला वाटलं आपणच काही बोलावं. ती मनानं चांगली मुलगी, कपाळावरचा तेलाचा ओघळ पुसत बाजूला सरकली आणि म्हणाली, "या ना, बसा. तुमचं कुठलं पॅकेज?"

विद्यानं गाऊनकडं पाहिलं. भिंतीवरच्या ढालीकडं पाहिलं.

"साधं," ती म्हणाली.

अक्का उठल्या. तेलाची वाटी माझ्या हातात दिली. "अण्णा, हिला वर न्या. वहिनींना सांगा, राहिलेलं डोकं त्यांनी करावं."

अशा रीतीनं एक अर्धवट तेल लावलेली मुलगी, एक वाटी आणि मी, अशी वरात जिना चढली. नंदानं एका नजरेत सगळं ओळखलं आणि चोळायला बसली. तेवढ्यात खाली सुरू झालं.

"आल्या आल्या तोंड वाकडं!"

"मला कधी लावलंस तेल? वह्या तपासत बसायचीस!"

"लावू दिलंस कधी? हात लावला की पळायचीस!"

"आणि तो गाऊन माझा आहे!"

"टाकून देणार होतीस की तो!"

"टाकणार होते. दुसऱ्या कुणाला घालणार नव्हते!"

आवाज असे चढले, की समोरच्या घरातले आजोबा बाल्कनीत येऊन कानाला यंत्र लावायला लागले. मुग्धा मान वाकडी करून ऐकत होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे कुठल्या पॅकेजमध्ये येतं?"

"ठाऊक नाही बुवा. अक्कांनी मला हे कधी शिकवलं नाही."

"माझी आई अश्शीच भांडते," ती म्हणाली आणि तेलकट हातानं फोन घेऊन गच्चीत गेली. थोड्याच वेळात तिकडूनही आवाज यायला लागला, "पण तूच म्हणाली होतीस ना आई!" मी आणि नंदा मधे बसलो होतो. खाली एक भांडण, बाहेर एक भांडण, आणि आमच्या घरात कधी नव्हे ती शांतता.

मग खालचा आवाज बंद पडला. एकदमच. नंदानं माझ्याकडं पाहिलं. "गेली की काय रे?"

मी जिन्यापर्यंत गेलो, तर अक्काच वर येत होत्या. पायरीपायरीला थांबत, हातात रिकामी वाटी. केस विस्कटलेले, डोळे कोरडे, आवाज ओरडून बसलेला.

"वहिनी, स्वल्प दही आहे काय हो तुमच्याकडं? विद्या जेवायला बसलीय. तिला माझ्या हातचं दही आंबट लागतंय. लहानपणापासनं."

नंदानं वाटी भरून दिली. अक्कांनी करंगळीचं टोक बुडवून चव घेतली आणि मान हलवली. "हां. असलंच आवडतंय तिला."

"आणा, मी नेऊन देतो," मी म्हटलं. "तुम्ही सावकाश या."

"नको हो," अक्का म्हणाल्या. "मीच वाढते."

आणि एक हात भिंतीला लावून, वाटीवरची नजर न काढता, त्या जिना उतरायला लागल्या.