लपणातला रुसवा

लॉजच्या पाटीवर वाघ होता. दाजी म्हात्रेंच्या लॉजमागच्या रानात वाघ नव्हता, पण प्राचीला वाघाशी कर्तव्यही नव्हतं. तिला तिबोटी खंड्या हवा होता: चिमणीएवढा, नारिंगी-जांभळा, पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून राहणारा. पनवेलच्या पक्षिमित्रांच्या प्रदर्शनाची दर्शनी भिंत तिने "फोटो मी आणते" असं सांगून अडवून ठेवली होती. प्रदर्शन सोमवारी होतं आणि आज रविवार उजाडला होता.

म्हणून नवरा परेशला ओसरीवर चहासोबत सोडून ती सकाळीच ओढ्याकाठच्या हिरव्या कापडाच्या लपणात जाऊन बसली. लॉजकडे पाठ, बिळाकडे तोंड, तोंडातून चकार शब्द नाही.

दाजी तिच्या पाठीकडे पुन्हा पुन्हा बघू लागले. करंजाड्याची जमीन सरकारी प्रकल्पात गेल्यावर डोंगराकडे उरलेल्या तुकड्यावर त्यांनी नुकतंच हे लॉज उघडलं होतं आणि प्राची त्यांची पहिली पाहुणी होती.

"ही बाय बोलत का नाय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"रुसलीय," वेणू म्हणाली. "मी तुमच्याकडे पाठ करून बसते तेव्हा काय पक्षी बघत असते?"

"कालच्या कालवणात मीठ जास्ती झालं असंल."

"पोहे दिले सकाळी. पावन्यांना कोन पोहे देतं?"

पाहुणी रुसली की घरच्या बाईने जाऊन मनवायचं, ही त्यांच्याकडची रीत. वेणूने चिंबोऱ्यांचं ताट वाढलं.

इकडे तिबोटी चोचीत पाल धरून नेमका फांदीवर आला होता. प्राचीचं बोट बटणावर टेकलं.

"ताई, दोन घास खाऊन घ्या," म्हणत वेणूने ताट दगडावर ठेवलं. ठण्णकन आवाज झाला. फांदी रिकामी झाली. प्राचीने दात आवळून, मान न वळवता हाताने 'जा' म्हणून खुणावलं.

"ताटाकडं बघितलं पन नाय," वेणूने येऊन सांगितलं. "लई रागात हाय."

मग दाजी धुतलेला शर्ट घालून स्वतः गेले. "ताई, आमचं काय चुकलं असंल तर पोटात घाला." तिबोटी पुन्हा आलेला होता, तो पुन्हा गेला. प्राचीने रागाने ओठांवर बोट ठेवलं. आता आपलं बोलणंही हिला नको आहे, एवढाच अर्थ दाजींना लागला.

शेवटी त्यांनी शिरढोणहून थोरल्या भावाला, दादूंना बोलावून घेतलं. सगळ्या भावकीची भांडणं मिटवायला तेच जात. दादू बुलेट धडधडवत थेट ओढ्यापर्यंत आले आणि प्राचीच्या शेजारी मांडी घालून बसले.

"पोरी, मी तुला बापासारखा. कोन काय बोललं, ते मला सांग."

तिबोटी तिसऱ्यांदा उडाला आणि प्राची उठली.

"कोणीही काही बोललेलं नाही," ती म्हणाली, आणि ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "मी पाठ करून गप्प बसले की पक्षी बघत असते. तेव्हा माझ्याजवळ यायचं नाही. जेवायला बोलवायचं नाही. माफी तर अजिबात मागायची नाही."

दाजींचा जीव भांड्यात पडला. "मग आदी सांगायचं ना, ताई."

"मिटलं," दादू म्हणाले.

प्राची पाय आपटत ओसरीवर आली. परेश चिंबोरीची नांगी चोखत होता.

"अगं, तुझा तो तिबोटी नारिंगी असतो ना?"

"का?"

"नाही, तिकडे कोणी आलं की दर वेळी उडून इथे दोरीवर येऊन बसायचा. मी घेतला मोबाइलवर."

फोटो अप्रतिम होता. डोळ्यातली चमक, चोचीतली पाल, पंखाचं पीस न् पीस स्पष्ट. तिबोटी परेशच्या वाळत घातलेल्या बनियनवर बसला होता.

"भिंतीवर लाव की," परेश म्हणाला. "खाली नाव तेवढं माझं टाक."

प्राचीने खुर्ची उचलली, त्याच्याकडे पाठ करून रानाकडे वळवली आणि बसली. चकार शब्द नाही.

थोडा वेळ गेल्यावर परेशची नांगी खाली आली. "वेणूताई, जरा समजवा ना हिला. चांगलीच भडकलीय."

वेणूने पुढे होऊन त्याच्यासमोरचं ताट आवाज न करता उचललं. दादू आपली बुलेट हाताने ढकलत रस्त्याकडे निघाले होते.

"गप बसा," ती कुजबुजली. "ताई पक्षी बघतात."