नाडीची साक्ष

पहाटे अख्ख्या गल्लीला बातम्या ऐकवणारा सासऱ्यांचा रेडिओ शेल्फवरून नाहीसा झाला आणि घरात ताबडतोब चौकशी बसली. सासूबाई निवृत्त नर्स. त्यांच्या घरात शपथा चालत नसत. मनगट पुढे करायचं, खरंखोटं त्या नाडीवरून ठरवत.

पहिला संशय अर्थातच जावयावर, कारण त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. वरची खोली आज त्याला आणि लेकीला मिळायची होती. किल्ली टेबलावर येऊन पडलीही होती.

"रेडिओ तुम्ही उचललात?" त्याचं मनगट धरून सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो, आई!"

"एकशे अठरा." त्यांनी किल्ली मुठीत घेतली. "खोली विसरा."

"अहो, तुम्ही हात धरला की पळतेच माझी नाडी! लग्नाच्या बोलणीतही पळाली होती."

"तेव्हाच मला शंका आली होती."

सासऱ्यांची नाडी सत्तर भरली. सुटले बिचारे. मग सासूबाईंनी सर्वांदेखत स्वतःची मोजली. "बहात्तर! मन साफ असलं की काळीज शांत असतं."

तेवढ्यात लेक कामावरून आली. ती प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांची हृदयं आणि मूत्रपिंडं तपासायची. त्यामुळे घरात तिला कोणी भाजी चिरू देत नसे.

"आई, ही पद्धतच चुकीची आहे. घाबरलं की अंगात अ‍ॅड्रिनलिन सुटतं. तरुण हृदय लगेच धावत सुटतं. वय झालं की हृदय त्याला तेवढी दाद देत नाही. म्हाताऱ्याने बँक लुटली तरी नाडी बेताचीच पळेल."

सासूबाईंनी डोळे बारीक करून नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..."

"माझं सोड," सासरे म्हणाले. "तुझं वय काय?"



"आणि मूत्रपिंडांचं काय गं?" सासूबाईंनी घाईने विचारलं.

"तीही पाणी रोखणाऱ्या हार्मोनला पहिल्यासारखी जुमानत नाहीत. पण मी उंदरांचं..."

"तरीच! आलेच मी बाथरूमला जाऊन."

कडी लागली. आत धुण्याची टोपली उपडी झाली, काहीतरी धडपडलं, आणि पुढच्याच क्षणी अख्ख्या घराला हवामानाचा अंदाज ऐकू आला. पूर्ण आवाजात.

"अगं बाई! हा इथे कुणी ठेवला?" आतून सासूबाई ओरडल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा दारात जावई तळहात पसरून उभा होता. त्यांनी ताठ मानेने मनगट पुढे केलं. "मोजा. बहात्तरच भरेल."

"भरणारच, आई," जावई म्हणाला. "दुसरा हात द्या. किल्लीवाला."