तोंडावरचा जिल्हा

त्या दिवशी संध्याकाळीपण शालननं मला उंबऱ्यात बसवलं आणि हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं फिरवलं.

"आटपाडी बसली. कडेगाव वाळाय लागलंय. पर कुपवाडला लय गर्दी हाय."

हे माझ्या तोंडाचं चाललं होतं. सत्तरीला आल्यावर माझ्या तोंडावर फोड उठले आणि माझ्या बायकोनं त्यांना गावं वाटून दिली. कपाळ म्हणजे आटपाडी, कारण तिथं केस नाहीत, नुसतं माळरान. गाल म्हणजे कडेगाव. हनुवटी कुपवाड, म्हणजे आमचं राहायचं गाव. तिथल्या कारखान्यात मी तीस वर्षं वेल्डिंग केलं. आणि नाक म्हणजे सातारा. तिचं माहेर. तिथं फोड उठायचा नाही, असा तिचा हुकूम होता. एकदा उठला, तर दोन दिवस त्याला पाहुण्यासारखं जपलं. लेप लावताना म्हणते कशी, "हळू लावते, म्हायेरचा हाय."

फोड उठले ते गहू सोडल्यावर. माझं पोट कायम बिघडायचं. सांगलीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि म्हणाला, गव्हात ग्लुटेन असतं, ते तुम्हाला चालत नाही, चपाती बंद. मी म्हटलं बरं झालं, भाकरी खाऊन वाढलेला माणूस मी. पण शालनला वाटलं माझा घास काढून घेतला. मग चपातीची भरपाई सुरू झाली. सकाळी साबुदाण्याचे वडे, दुपारी तांदळाच्या तळलेल्या पुऱ्या, जेवल्यावर गुळाचा लाडू, झोपताना दाट दूध. सुनेनं पुण्याहून गहू नसलेली बिस्किटं पाठवली, ती चहाबरोबर. पोट महिन्याभरात सुधारलं आणि तोंड फुटलं.

डॉक्टर हसला. म्हणाला, "आजोबा, गव्हाचा दोष नाही. तळण आणि गोड कमी करा."

शालन रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "त्याला काय कळतंय? अंगातला गहू भाईर पडतोय त्यो."

तेव्हापासून रोज लेप. कडुलिंबाचा पाला, हळद, थोडं दही, पाट्यावर वाटून. लावून झाला की बोट रोखायची. "मी सांगीन तवाच धुवायचं." तासभर मी हिरवं तोंड घेऊन बसायचो. दूधवाला यायचा, वीजबिलाचा माणूस यायचा. एकानं विचारलं, "काका, नाटकात काम करताय व्हय?" शालननं आतूनच उत्तर दिलं, "व्हय, राजा हाय त्यो. तुमी दूध मोजा."

गहू तिनंपण सोडला होता. तिला काही झालं नव्हतं. खपली गव्हाची खीर म्हणजे तिचा जीव. सणाला मोठं पातेलं करायची आणि दुसऱ्या दिवशी शिळी खीर चाटूनपुसून खायची. मी म्हटलं, तू खा की. तर म्हणाली, "एका ताटात गहू आन् एका ताटात न्हाई, आसलं मला जमायचं न्हाई. घर एक, तर चूल एक." सगळे गव्हाचे डबे आक्काला देऊन टाकले. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहते. मग माझ्यासारखंच तळलेलं आणि गोड तिच्याही पोटात जायला लागलं. तिचं तोंड मात्र तुकतुकीत. मी चिडवायचो, "तुझ्यातला गहू कुठं गेला?" ती म्हणायची, "माजा गहू शाना हाय."

एक मात्र होतं. भाकरी थापून उठली की दाराच्या चौकटीला पाठ घासायची. मी एकदा म्हटलं, "म्हशीवानी काय घासतीस गं?" ती हसली. मीही हसलो.

तर त्या संध्याकाळी तिनं कुपवाडला दोन वेळा लेप लावला आणि म्हणाली, "आज तसाच ऱ्हाऊ दे. सकाळी मी सांगीन तवा धू."

सकाळी ती उठली नाही. चहाची वेळ टळली तरी उठली नाही, तेव्हा हलवली. झोपेतच गेली होती.

माणसं जमली. पोरगा, सून पुण्याहून आली. माझ्या तोंडावर लेप तसाच होता, वाळून तडकलेला. सगळी बघायची आणि मान खाली घालायची. साताऱ्याचा मेव्हणा पोराला हळूच विचारत होता म्हणे, तुमच्याकडं असा रिवाज आहे का.

बायकांनी तिला आंघोळ घातली. आक्का ओल्या हातानं बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"म्हादू, तिची पाठ कदी बघितली हुतीस का?"

"का गं?"

"सगळी पाठ फोडांनी भरलीया. काय जुने, काय चिघळल्याले. तुज्या तोंडाला रोज लावत हुती न्हवं? मग तिला कोन लावत हुतं?"

मी उठलो आणि न्हाणीत गेलो. दाराआड खुंटीला एक जुनं उलथनं टांगलेलं असायचं, टोकाला चिंधी बांधलेलं. मला वाटायचं, मोरी घासायचं असेल. काढून बघितलं. चिंधीला हिरवा लेप वाळला होता, थरावर थर. हात पुरत नव्हता, म्हणून उलथन्यानं लावत होती. मी बाहेर उंबऱ्यात हिरवं तोंड घेऊन बसलेलो असायचो तेव्हा.

एकदा म्हणाली असती तर. पण मी तरी कधी विचारलं?

तिला पोचवून आल्यावर आंघोळ करावीच लागते. केली. तिनं सांगायच्या आधी तोंड धुतलं, ते पहिल्यांदाच.

पोराला रजा नव्हती, म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी राख सावडायचं ठरलं. मी अंधारात उठलो. पाला तोडला, हळद घेतली, दही घेतलं, पाट्यावर वाटलं. मला वाटायची सवय नाही, जाडंभरडं झालं. वाटीत काढलं आणि पिशवीत ठेवलं.

स्मशानात सगळी राखेवर पाणी शिंपडत होती. आक्कानं फुलं आणली होती आणि डब्यात खपलीची खीर. मी वाटी काढली आणि खाली बसलो.

पोरगा म्हणाला, "आबा, हे काय करताय?"

"तुज्या आईची पाठ ऱ्हायलीया."

तो मला उठवायला वाकला. आक्कानं त्याचा हात धरला. "लावू दे त्याला."

राखेत पाठ कुठली ते मला कळंना. मग मी सगळीकडंच लावला, हळू हातानं. लेप वाळायला तासभर लागतो. पोरगा दोनदा म्हणाला, चला. मी बसून राहिलो.