सरासरी गवतातला वाघ

बाळांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत.

एका जंगलात गोंदा नावाचा भेकर राहत असे. स्वभावाने भिडस्त. त्याची बायको चार दिवसांपूर्वी व्यायली होती. तिला पाणी हवं होतं. तळं जवळच होतं, पण भोवती उंच गवत, आणि गवतात वाघ यायचा.

वाघ दिसला की मोर ओरडे. पण मोरावर विसंबावं का?

जंगल पुढारलेलं होतं. चाचणीसाठी खऱ्या वाघाला कोणी त्रास देत नसे. कोल्हा पट्ट्यांची चादर पांघरून मोरापुढून जाई. मोर ओरडला की चाचणी पास. चाळीस पंडितांनी असे चाळीस प्रयोग केले, प्रत्येकात कोल्ह्याच्या दहा फेऱ्या. कोणी म्हणे, मोर कधी चुकत नाही. कोणी म्हणे, मोराला दिसतच नाही.

शेवटी साळिंदरतात्यांनी चाळीसही अहवाल एकत्र केले आणि सभेत निकाल वाचला.

"मोर शंभरात एक्याण्णव वेळा बरोबर. बिनधास्त पाणी प्या."

टाळ्या झाल्या. गोंदा चाचरत उठला.

"तात्या, उंच गवतातले प्रयोग किती?"

"चार."

"आणि बाकीचे?"

"मोकळ्या माळावर. गवतात कोल्ह्याच्या चादरीला कुसळं लागतात. तो नाही म्हणतो."

"त्या चारांत मोर कितीदा ओरडला?"

तात्यांनी पानं चाळली. "दहा फेऱ्यांत एकदा. पण माळावर दहात दहा. सगळं मिळून एक्याण्णव. गणित आहे बाबा, तुझ्या डोक्यावरून जाईल."

"पण आमचं तळं गवतात आहे."

"तू एकट्या तळ्याचं काय घेऊन बसलास? मी अख्ख्या जंगलाचं बोलतोय."

"तात्या, मग उद्या तुम्ही याल तळ्यावर?"

"येईन की. मला काटे आहेत."

सभा हसली. गोंदा खाली बसला. शेजारचा ससा पुटपुटला, "मोठ्या माणसांत उगाच तोंड घालतोस."

घरी बायकोने विचारलं, "काय ठरलं?"

"ठरलं ते माळावरच्यांचं," गोंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आणि पाडसाला मधे मधे सावलीत बसवत तो दोन कोस चालला आणि उघड्या ओढ्यावर तिला पोटभर पाणी पाजलं. तात्यांनी अहवालाखाली टीप लिहिली: एक भेकर गैरहजर, म्हणून वगळला.

तात्पर्य: बाळांनो, पाणी नेहमी सरासरी गवतात प्यावं. ते गवत कुठे उगवतं, असं विचारून विद्वानांचा खोळंबा करू नये.