रंभाजी रेड्याच्या पातळ काठ्या

एका जंगलात झाडं कमी आणि झेंडे जास्त झाले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे, मुलांनो. नीट मांडी घालून बसा. ज्याला खाज सुटली असेल त्याने आत्ताच खाजवून घ्यावं. मध्ये चुळबुळ केलेली मला चालत नाही.

या जंगलाचा राजा वाघ. तो एकदा शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला आणि येताना गोल्फ शिकून आला. लोक परगावाहून पेढे आणतात. याने हे आणलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून कुरणं भादरायला सुरुवात झाली. अठरा ठिकाणी खळगे खणले, अठरा झेंडे रोवले. लांबून काठीने चेंडू मारायचा आणि खळग्यात घालायचा. कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. एवढाच खेळ. हसू नका, मोठीमोठी माणसं खेळतात.

हळूहळू जंगलातली सगळी कामं मैदानावरच व्हायला लागली. सांबराला पाणवठ्याची वेळ बदलून हवी होती, म्हणून ते काठी फिरवायला शिकलं. रानडुक्कर कंद उकरायची परवानगी मागायला गेलं, तर त्याला विचारलं, "तुझं हँडिकॅप किती?"

हँडिकॅप म्हणजे सूट. तुमच्या खेळात कच्चं लिंबू असतं ना, तसंच. फक्त इथे प्रत्येक लिंबाला आकडा असतो. जितका खेळाडू कच्चा, तितका आकडा मोठा, आणि तितके फटके त्याच्या बेरजेतून वजा. म्हणजे कच्च्याला पक्क्याशी खेळता येतं, आणि कधी कधी जिंकताही येतं.

याच जंगलात रंभाजी नावाचा एक रानरेडा राहायचा. अंगाने आडदांड, मनाने हळवा. त्याची बायको सगुणा म्हैस, आणि कळपात अकरा रेडकं. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं एक डबकं होतं. बारा महिने चिखल. उन्हाळ्यात गोमाश्या फोडून काढायला लागल्या की सगळा कळप त्यात लोळायचा. चिखल अंगावर वाळला की माशी फिरकत नाही. रेडकांच्या कोवळ्या कातडीला दुसरं औषध नव्हतं.

पण ते डबकं नेमकं अठराव्या खळग्याच्या वाटेत आलं.

वाघ म्हणाला, "इथे पांढरीशुभ्र वाळू भरू. झकास दिसेल."

रंभाजी धापा टाकत दरबारात गेला. "महाराज, आमची पोरं कुठे लोळणार?"

"हे बघ रंभाजी," वाघ म्हणाला, "मी काही जुलमी राजा नाही. मंगळवारी माझ्याशी खेळ. जिंकलास तर डबकं तुझं, पिढ्यान्‌पिढ्या तुझं. हरलास तर वाळू. तुझं हँडिकॅप अठ्ठावीस ना? सगळीच्या सगळी सूट घे."

वाघ खोटं बोलत नव्हता. माझं त्याच्याशी फार पटत नाही, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

आता रंभाजीचा खेळ कसा होता? (रेडा काठी कशी धरतो, असं विचारायचं नाही. मीही विचारलं नव्हतं.) ताकद दांडगी, नेम यथातथा. दहातला एक चेंडू काठीच्या मध्यावर बसायचा. बाकीचे नऊ कडेला लागायचे आणि करवंदीच्या जाळीत जायचे. कधी काठीच जमिनीत रुतायची आणि चेंडू जागच्या जागी हसत राहायचा.

तो कासवआजोबांकडे गेला. आजोबा चाळीस वर्षं कच्चे खेळाडू होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

"अरे रंभा, तुझं काही चुकत नाही. म्हणजे, चुकतं. पण तू चुकणारच, हे धरून काठी घ्यायची," आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपली पिशवी उघडली. "ही बघ. तोंड मोठं, पाठ पोकळ, सगळं वजन कडेकडेला. चेंडू टोकाला लागू दे नाहीतर टाचेला, काठी मनगटात फार फिरत नाही. बूड रुंद, म्हणून मातीत रुतत नाही. चूक पोटात घालते ही."

"दिसायला जरा बोजड आहे हो."

"तू कोण मोठा हरीण लागून गेलास?" आजोबा म्हणाले.

चार दिवस रंभाजी त्या काठ्यांनी मारत राहिला. फटके वेडेवाकडेच बसत होते. पण चेंडू बिचारे समजूतदारपणे पुढे जात होते. जाळीत जाणारा चेंडू आता गवतात थांबायचा. सगुणा बाजूला रवंथ करत मोजत होती. पाचव्या दिवशी तिने मान वर केली.

"अहो, असेच मारलेत तर डबकं वाचलं!" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. धाकट्या रेडकाने तर आनंदाने चिखलात दोन कोलांट्या मारल्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण रविवारी रंभाजी मैदानाशेजारच्या क्लबात गेला.

या क्लबात एक रिवाज होता. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाची पिशवी सगळ्यांसमोर उघडायची आणि काठ्या बघायच्या. त्याला पिशवीदर्शन म्हणत. काठ्या बघून झाल्या की मंडळी व्हरांड्यात नाश्त्याला बसत. चेंडू कुठे जातो ते फारसं कोणी बघत नसे.

तरसाने रंभाजीची एक काठी उचलली आणि तो तरसासारखा हसला. त्याला दुसरं येतच नव्हतं.

"अरे, ही काठी आहे की उलथनं? रंभाजीराव, वाघसाहेबांसमोर ही काढणार तुम्ही?"

सांबर खाली बघून हसलं. ससासुद्धा हसला. मुलांनो, ससा हसला की फार लागतं.

रंभाजी तडक कोल्हेशेठच्या दुकानात गेला. कोल्हेशेठने मखमलीच्या फडक्यातून एक काठी काढली. पात्यासारखी पातळ, लखलखीत.

"वरून बघा, रंभाजीराव. आहे की नाही, एवढीशी रेघ? वाघसाहेब हीच वापरतात. मध्यावर बसला की लोण्यात सुरी."

"आणि मध्यावर नाही बसला तर?"

कोल्हेशेठने कानाला हात लावला. "तुमच्यासारख्यांच्या तोंडी असा प्रश्न शोभत नाही हो."

आणि रंभाजी पातळ काठ्या घेऊन घरी आला.

सगुणा काठीकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. "अहो, डबकं वाचवायचंय की काठी मिरवायची?"

"तुला नाही कळायचं त्यातलं. चार लोकांत उठबस आहे माझी."

"त्या चार लोकांना गोमाश्या चावत नाहीत," सगुणा म्हणाली. तिने जाड काठ्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या.

मंगळवार उजाडला. पिशवीदर्शन झालं. काय ते कौतुक! "वा रंभाजीराव, खानदानी!" तरसाने स्वतः पाठीवर थाप मारली. वाघाच्या पिशवीतही तशाच पातळ काठ्या होत्या. रंभाजीची छाती एवढी फुगली की पहिला फटका मारताना तीच मध्ये आली. चेंडू सात पावलं गेला. पण कोणी पाहिलं नाही, नाश्ता आला होता.

पहिल्या पाच खळग्यांत रंभाजीने निम्मी सूट खाऊन टाकली. चेंडू काठीच्या टोकाला लागला की शिंगापर्यंत झिणझिण्या. सहाव्या खळग्याची वाट टेकडीमागे वळली. व्हरांडा दिसेनासा झाला.

तिथे वाघाने इकडेतिकडे पाहिलं आणि झुडपातून दुसरी पिशवी ओढून काढली. आत सगळ्या जाड काठ्या. तोंड मोठं, पाठ पोकळ, बूड रुंद.

रंभाजीने आ वासला. "महाराज, तुम्हीसुद्धा?"

"अरे, गुडघे दुखतात आताशा," वाघ मोकळेपणाने म्हणाला. "पातळ काठ्या चार लोकांना दाखवायला. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे." पलीकडे हत्ती चरत होता. तो उगाच खाकरला.

तेवढ्यात टेकडीच्या आडून सगुणा पोतं घेऊन आली. तिने पोतं त्याच्या पुढ्यात टाकलं आणि उभी राहिली. काठ्या बदलायला नियमात मनाई नव्हती. रंभाजीने मुकाट्याने जाड काठी काढली.

आणि मग काय सांगू! सातवा, आठवा, नववा. फटके तेच, धांदरट. पण चेंडू सुतासारखे सरळ. टेकडीमागे बघायला कोणी नव्हतं, त्यामुळे रंभाजीला आपण कसे दिसतो याची आठवणच राहिली नाही. सतरा खळगे संपले, सगळी सूट वजा झाली, तेव्हा रंभाजी दोन फटक्यांनी पुढे होता. वाघाच्या मिश्या खाली आल्या होत्या.

राहिला अठरावा. समोर डबकं, पलीकडे झेंडा, आणि झेंड्यामागे क्लबाचा व्हरांडा. नाश्ता संपलेला. सगळे कठड्याला टेकून बघत होते. काठावर अकरा रेडकं रांगेत उभी होती, शेजारी कासवआजोबा.

चेंडू नुसता डबक्यापलीकडे टाकायचा होता. जाड काठीने ते काम आजोबांनी डुलकी घेता घेता केलं असतं.

रंभाजीने जाड काठी हातात घेतली. व्हरांड्यातून कोणीतरी खुसुखुसु हसलं. कोणाला हसलं देव जाणे. कदाचित ससा भज्यावर हसला असेल. पण रंभाजीचे कान तापले.

"अहो, इकडे बघा, माझ्याकडे बघा," सगुणा हळूच म्हणाली. "तिकडे बघू नका."

रंभाजीने तिकडेच बघितलं. जाड काठी ठेवली आणि पातळ काढली.

पहिला चेंडू, डुबुक. दुसरा, डुबुक. तिसरा काठीच्या टाचेला लागून कासवआजोबांच्या पाठीवर आपटला आणि तिथून, डुबुक. प्रत्येक डुबकीला दंडाचा एक फटका वेगळा. व्हरांड्यातून आवाज आला, "पण काठी काय सुरेख आहे!"

मग वाघ पुढे झाला. त्याने सगळ्यांदेखत, अगदी शांतपणे, जाड काठी काढली. व्हरांडा चिडीचूप. वाघाने फटका मारला. तोही धड बसला नाही. चेंडू कसाबसा डबकं ओलांडून झेंड्यापाशी जाऊन थांबला.

सगळ्यांनी एकदा काठीकडे बघितलं, एकदा वाघाकडे. मग तरस ओरडला, "वा! काय भारदस्त काठी आहे!"

"खानदानी!" सांबर म्हणालं.

"मी तर पहिल्यापासून सांगतोय," ससा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोल्हेशेठच्या दुकानात सगळ्या जाड काठ्या टांगलेल्या होत्या आणि बाहेर रांग लागली होती. आणि डबक्यावर पांढरी वाळू पडत होती.

रंभाजी क्लबात गेला. तरसाने त्याची पिशवी उघडली आणि तो तरसासारखा हसला. "अजून पातळच? अहो, ह्या काठीने दाढी करा आता!"

रंभाजी पुन्हा तडक दुकानात गेला. रांगेत उभा राहिला. नव्याकोऱ्या जाड काठ्या घेऊन धावत घरी निघाला. वाटेत धाकटं रेडकू वाळूत लोळताना दिसलं. वाळू काही त्याच्या अंगाला चिकटत नव्हती, माश्या मात्र चिकटल्या होत्या. ते पुन्हा पुन्हा कूस बदलत होतं आणि रडत होतं. तेवढ्यात मैदानाच्या राखणीला ठेवलेला एक कोल्हा आला आणि त्याने रेडकाला हाकललं. मैदान खराब होतं ना.

सगुणाने कळप पुढे घातला होता. टेकडीपलीकडे दोन कोसांवर एक नाला आहे. चिखल बरा आहे. मगरही आहे.

"सगुणा, थांब! हे बघ, जाड घेतल्या! आता माझा एक फटका वाया जायचा नाही!"

सगुणा थांबली. तिने काठ्या नीट निरखून पाहिल्या. "छान आहेत," ती म्हणाली. "पण आता वाचवायला काय राहिलंय?" आणि धाकट्याला पुढे ढकलत ती चालायला लागली. रंभाजी पाठीमागून हाका मारत राहिला. ती वळली नाही.

तात्पर्य: मुलांनो, माणसाने आपल्याला झेपेल तीच काठी वापरावी. मात्र आधी ती वाघाने वापरेपर्यंत थांबावं. तोवर घर बुडालं तरी चालेल, पण हसं होता कामा नये.